शांततेचं टेंडर : हिंदू कॉलनीतल्या एका सोसायटीचं प्रकरण

दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीच्या एका आतल्या गल्लीत तळमजला अधिक तीन अशी एक इमारत होती. चौदा घरं, प्रत्येकी सुमारे ६५ चौरस मीटर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. लिफ्ट नाही. जमीन पालिकेच्या भाडेपट्ट्यावरची, इमारत १९५०च्या दशकातली आणि संस्था पहिल्यापासून सहकारी. त्यामुळे दादरच्या कितीतरी इमारतींना वर्षानुवर्षं अडकवून ठेवणारा मालक-भाडेकरू तंटा इथे नव्हता. या सोसायटीच्या पुनर्विकासात टेंडरचा मसुदा करण्याचं काम माझ्याकडे होतं. सभासदांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे ठोकळ करून घेतले आहेत.

सुरुवात एका न मागितलेल्या ऑफरने झाली. एका बिल्डरने पत्र पाठवलं: तीस टक्के जादा कार्पेट, घरटी एक पार्किंग, कॉर्पस (सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम), बांधकाम होईपर्यंतचं भाडं, सामान हलवण्याचा खर्च. कमिटीने ते सभेत वाचून दाखवलं. प्रश्नही ठरलेलेच आले. कॉर्पस हातात कधी मिळणार, भाडं दर वर्षी वाढणार का, जीएसटी कोणाच्या डोक्यावर. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बोलल्या. वय ७८, सगळी नोकरी शाळेत गेलेली. "जागा किती वाढणार ते कळलं. दुपारची झोप राहणार का, ते कुणी सांगेल?"

लोक हसले. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, हे टेंडरमध्ये कुठल्या कलमात घालायचं?" काकू म्हणाल्या, "लिहायला बसा, मग सुचेल."

पाडायची सक्ती नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना पालिकेच्या कायद्यातल्या कलम ३५३ब खाली संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. या इमारतीचा शेरा आला सी-२ब, म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती करावी. सी-१ आला असता तर इमारत खाली करणं भागच पडलं असतं आणि मग झोपेबिपेची चर्चा कुणी ऐकूनही घेतली नसती. खरी अडचण जिन्याची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांतली माणसं महिना-महिना खाली उतरत नव्हती. बाहेरून लिफ्ट लावण्याचा विचार झाला, पण ती थांबणार जिन्याच्या मधल्या लँडिंगवर, आणि तिथून पुढे नऊ पायऱ्या उरतातच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या नऊ पायऱ्या म्हणजे अख्खा मजलाच. लिफ्टपायी इमारत पाडावी का, यावर मी मत देणार नाही. चौदांपैकी बहुतेकांना ते पटलं होतं.

गल्ली शांत का होती

इथली माणसं शांततेची दोन कारणं देतात. वस्ती सुसंस्कृत आहे आणि झाडं भरपूर आहेत. झाडांचं मान्य. सुसंस्कृतपणाचं मी फारसं मनावर घेत नाही, कारण हीच मंडळी गाडी घेऊन आंबेडकर रोडला लागली की इतरांइतकाच हॉर्न वाजवतात.

कारण नकाशात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली शहराच्या सुधारणेसाठी विश्वस्त मंडळ स्थापन झालं, ज्याला जुनी माणसं अजून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणतात. दाट वस्तीत हवा-उजेड नसतो म्हणून रोग पसरतो, अशी तेव्हाची समजूत. ती पुरती खरी नव्हती, पण तिने आखलेल्या वस्त्या चांगल्या निघाल्या. दादर-माटुंग्याची मोकळी जमीन ट्रस्टने ताब्यात घेतली, सरळ रस्ते आखले, प्लॉट पाडले, बागांसाठी जागा सोडली. शेजारची पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्स याच आखणीतली. मंचरजी जोशी यांनी पारशी मध्यमवर्गासाठी तिथले प्लॉट मिळवले, आणि त्या बागांना आज त्यांचंच नाव आहे. १९३३ साली ट्रस्ट पालिकेत विलीन झाला, म्हणून या जमिनी पालिकेकडे आल्या.

ट्रस्टच्या अभियंत्यांचा एक नियम होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. खालच्या खोलीला उजेड मिळायचा असेल तर समोरच्या इमारतीचा माथा तिच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेवर चढता कामा नये. अंशांचं सोडा, हिशेब सोपा आहे: इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी समोर मोकळं हवं. आमच्या इमारतीची उंची तेरा-चौदा मीटर. समोर चाळीस फुटी गल्ली आणि दोन्हीकडची अंगणं धरून अठरा मीटर मोकळे. गरज सातची, जागा अठराची. हा नियम उजेडासाठी होता, पण त्याने आवाजाचंही काम करून टाकलं. भिंती एकमेकींपासून दूर असल्या की आवाज त्यांच्यात घुमत राहत नाही. आणि मोकळ्या अंगणात झाड वाढायला जागा उरते.

दुसरं कारण असं की या गल्लीतून जाऊन कुणाचा वेळ वाचत नाही. टिळक पूल आणि आंबेडकर रोड जवळच असले तरी एकाकडून दुसरीकडे जायला आमची गल्ली लागत नाही. दुकानं तोंडाशी, आत नाहीत.

आता इथे अगदी काही ऐकू येत नाही असं नाही. सकाळी शाळेच्या बसेस, मग रुईया-पोदार कॉलेजांची मुलं, गणपतीत दहा दिवस स्पीकर, रात्री उशिरा गाड्यांचे भोंगे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा हवी म्हणून बांधलेलं राजगृह याच कॉलनीत आहे, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली कितीतरी माणसं ते बघायला पायी इथवर येतात. काकूंशी या सगळ्यावर बोललो तेव्हा लक्षात आलं की माणसांच्या आवाजाबद्दल त्यांची एकही तक्रार नव्हती. त्यांचा राग इंजिनांवर होता. रिव्हर्सचं संगीत, गाडीचा अलार्म, सोसायटीच्या पंपाची घरघर. ही यादी मी वहीत उतरवून घेतली. टेंडरचं परिशिष्ट पुढे तिच्यातूनच झालं.

कायद्याचा आधार घेता येईल का, हे कमिटीतल्या वकीलबाईंनी आधी तपासलं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. शाळा-रुग्णालयांभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र समजले जात, आणि त्या मापाने हिंदू कॉलनीचा मोठा भाग आत आला असता. पण २०१७च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलाच भाग शांतता क्षेत्र ठरत नाही. पश्चिमेला शिवाजी पार्क २०१० साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र झालं, ते सभांच्या लाउडस्पीकरपायी. आमच्याकडे लाउडस्पीकर ही अडचणच नव्हती. वारसा क्षेत्राची वाटही कुणी धरली नाही. २०१२ साली शिवाजी पार्क परिसर प्रस्तावित वारसा यादीत आला तेव्हा विरोधाला तिथले रहिवासीच उभे राहिले, कारण यादीत नाव गेलं की पुनर्विकास अडतो ही भीती. ती आमच्याही सभासदांच्या मनात होती.

थोडक्यात, जे काही मिळवायचं ते बिल्डरबरोबरच्या करारातूनच मिळवायला हवं होतं.

हिशेब

प्लॉट ९०० चौरस मीटर. विकास नियंत्रण नियमावली २०३४ प्रमाणे शहर भागात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, १.३३. त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन किती वाढवता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता नऊ ते बारा मीटर असेल तर एकूण २.०, बारा मीटर किंवा जास्त, पण अठराच्या आत असेल तर २.४. आमची गल्ली चाळीस फुटी, म्हणजे १२.१९ मीटर. एकोणीस सेंटिमीटरच्या जोरावर ती वरच्या गटात बसली.

यातला विनोद मला अजून पुरेसा हसता आलेला नाही. ट्रस्टने रस्ता रुंद ठेवला तो घरं दाटू नयेत म्हणून. आजचा नियम त्याच रुंदीकडे बघून म्हणतो, रस्ता रुंद आहे ना, मग आणखी घरं बांधा.

तर ९०० गुणिले २.४ म्हणजे २,१६०. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे नियमाने वर मिळणारं जादा बांधकाम, धरून २,९१६ चौरस मीटर. आधीचं बांधकाम साधारण १,२००. बिल्डरच्या पहिल्या नकाशात चौदा सभासदांची घरं आणि विक्रीची पंधरा मोठी घरं, एकूण २९. खाली पार्किंगचे मजले, वर पंधरा निवासी, उंची साठ मीटरच्या आसपास. जुन्या नियमाने साठ मीटरला समोर तीस मीटर मोकळे हवेत. आहेत अठराच. बाजूच्या मोकळ्या जागेत नियमाने जी तूट येत होती ती अधिमूल्य भरून माफ करून घ्यायची असं नकाशाच्या टिपणीतच लिहिलं होतं.

सगळे घरं मोजत होते. चौदाची एकोणतीस, म्हणजे दुप्पट, ठीक आहे, चालेल. मी पार्किंगचा तक्ता पुढे ठेवला. जुन्या कंपाउंडमध्ये नऊ गाड्या उभ्या राहत. नव्या नकाशात ४८. विक्रीची घरं मोठी, म्हणून प्रत्येकाला दोन-दोन गाड्या, आणि त्या वरच्या मजल्यांवर नेणारी कार लिफ्ट. माणसं दुप्पट होणार होती आणि इंजिनं पाचपटीहून जास्त. काकूंच्या झोपेचा प्रश्न त्या तक्त्यावर पहिल्यांदा सगळ्यांना दिसला.

"लहान घरं म्हणजे कसली माणसं येतील?"

गाड्या कमी करायचा साधा उपाय होता. विक्रीची घरं लहान करायची. तेवढ्याच बांधकामात पंधरा मोठ्या घरांऐवजी साठ चौरस मीटरच्या आतली पंचवीस घरं बसत होती, आणि तसं केलं तर नियमाने लागणाऱ्या गाड्या तीसवर येत. घरं दहाने वाढणार, गाड्या अठराने घटणार.

सभेत हे मांडलं आणि खोलीतली हवा बदलली. ज्यांनी शांततेसाठी मान डोलावली होती त्यांच्यातलेच दोघे-तिघे म्हणाले, "पंचवीस घरं म्हणजे पंचवीस बिऱ्हाडं. कसली माणसं येतील?" एकाने भाड्याने राहणाऱ्या कॉल सेंटरच्या मुलांचा विषय काढला. दुसऱ्याने नुसतंच "आपला एरिया" म्हटलं आणि पुढचं अध्याहृत ठेवलं. गंमत म्हणजे बोलणाऱ्यांच्या वडिलांनी १९५०च्या दशकात इथे घर घेतलं ते कारकुनाच्या किंवा मास्तरच्या पगारात, आणि त्यांची सुरुवातीची घरं ६५ मीटरचीच होती. आज ६० मीटरच्या घरात राहायला येणारा माणूस त्यांना परका वाटत होता.

मला हा भाग प्रकरणाचा गाभा वाटतो. शांतता हवी असं म्हणताना माणसाच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक कानाला हवी असते. दुसरी म्हणजे आजूबाजूला आपल्यासारखेच असावेत, ही इच्छा. एरवी त्या एकमेकींत मिसळून जातात. इथे तक्त्यापायी त्या वेगळ्या कराव्या लागल्या. कानाची शांतता हवी असेल तर जास्त बिऱ्हाडं घ्या. आपल्यासारखेच हवे असतील तर जास्त इंजिनं घ्या. वकीलबाईंनी हे जवळपास याच शब्दांत सभेत सांगितलं, आणि तेव्हा जी वादावादी झाली ती मी मिनिट्समध्ये लिहिली नाही.

बिल्डरही लहान घरांना तयार नव्हता. या भागात मोठ्या घरांचा गिऱ्हाईक ठरलेला आहे, असं त्याचं म्हणणं, आणि धंद्याच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. शेवटी तडजोड झाली ती आठ मोठी आणि बारा लहान घरांवर. गाड्या ३९.

परिशिष्ट

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे सगळी पायरीपायरीने प्रक्रिया झाली: सल्लागाराची नेमणूक, व्यवहार्यता अहवाल, टेंडर. स्वयंपुनर्विकासाचा विचार एका सभेपुरताच टिकला. सत्तरीच्या पुढची सात घरं कर्ज आणि ठेकेदार यांच्यामागे पळणार नव्हती. टेंडरला एक वेगळं परिशिष्ट जोडलं, आणि बिल्डरांना सांगितलं की भाव द्यायचा तो हे परिशिष्ट धरून.

त्यात काय होतं? काम सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रविवारी बंद. दुपारी दीड ते चार ब्रेकर (काँक्रीट फोडायचं यंत्र) आणि पायलिंग (पायाचे खांब जमिनीत घालणं) नाही. हे काकूंचं कलम. स्लॅबच्या वेळी रेडीमिक्सच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या रात्री येतात, कारण दिवसा गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना रस्ता बंद असतो. तेव्हा रात्रीच्या स्लॅबची आगाऊ नोटीस शेजारच्या तिन्ही इमारतींना द्यायची आणि गाड्या रांगेने गल्लीत उभ्या न करता बाहेर थांबवायच्या. जनरेटर मागच्या भिंतीला न लावता वर न्यायचा. कार लिफ्ट रस्त्याच्या बाजूला ठेवायची, शेजाऱ्यांच्या बेडरूमकडे नाही. गच्चीवर हॉल किंवा जिम नाही. फुटपाथवरच्या पर्जन्यवृक्षाच्या मुळांपासून खोदकाम लांब ठेवायचं, आणि आवारातला आंबा तोडायच्या ऐवजी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीने हलवायचा. प्रत्येक उल्लंघनाला दंड, तो अनामत रकमेतून वळता करायचा.

शेवटचं वाक्य नसतं तर बाकीचं परिशिष्ट शोभेचं ठरलं असतं. २०१९च्या निर्णयातच बिल्डरकडून प्रकल्प खर्चाच्या वीस टक्क्यांची बँक गॅरंटी घेण्याची तरतूद आहे, पण ती एवढ्यातेवढ्यासाठी वटवता येत नाही. बँकेकडे गॅरंटी मागायला जाणं म्हणजे युद्ध पुकारणं. म्हणून छोट्या दंडांसाठी छोटी, वेगळी अनामत मागितली. माझ्या मते या सगळ्या कागदांत उपयोगी कल्पना हीच एक. इतर सोसायट्यांनी बाकी काही घेतलं नाही तरी हे घ्यावं.

भाव आले. परिशिष्ट धरून सर्वांत बरी बोली २६ टक्के जादा कार्पेटची. पहिल्या ऑफरपेक्षा चार टक्के कमी. ६५ मीटरच्या घराला चार टक्के म्हणजे २.६ चौरस मीटर, अठ्ठावीस चौरस फूट. एक लहान बाथरूम. ते बाथरूम प्रत्येकाने सोडायचं का, हा प्रश्न विशेष सर्वसाधारण सभेत आला. गणसंख्येला दोन तृतीयांश म्हणजे दहा सभासद लागत होते, मंजुरीला एकूण सभासदांच्या ५१ टक्के, म्हणजे आठ. उपनिबंधकांचे प्रतिनिधी होते, व्हिडिओ शूटिंग चालू होतं. हजर बारा. बाजूने नऊ, विरोधात तीन. विरोध करणाऱ्यांत एक गृहस्थ होते ज्यांचा मुलगा, सून आणि नातू त्यांच्याबरोबरच राहतात. ते शांतपणे म्हणाले, "मला ती जागा हवी होती. झोप मी कुठेही घेतो." त्यांच्या बोलण्यात मला काही चूक दिसली नाही.

हे सगळं कोणासाठी?

सभेनंतर सेक्रेटरींच्या मुलाने एक गोष्ट लक्षात आणून दिली, आणि सगळेच थोडे गप्प झाले. काम चालू असताना सभासद इथे राहणारच नाहीत. ते भाड्याच्या घरांत जाणार. दुपारची विश्रांती, रविवारची सुटी, रात्रीच्या स्लॅबची नोटीस, यांचा फायदा मिळणार शेजारच्या तीन इमारतींना. काकू स्वतः मुलीकडे मुलुंडला जाणार होत्या. अठ्ठावीस फूट जागा सोडून चौदा घरांनी शेजाऱ्यांच्या वामकुक्षीचे पैसे भरले होते.

कुणी म्हणालं, हे आधी सांगितलं असतं तर मी मत वेगळं दिलं असतं. कागद तर सगळ्यांपुढे होता.

इथून प्रकरणाला वेगळं वळण मिळालं. शेजारच्या दोन इमारतीही पुनर्विकासाच्या वाटेवर होत्या, फक्त तीन-चार वर्षं मागे. काकू परत येतील तेव्हा ब्रेकर बाजूच्या भिंतीपलीकडे चालू असणार. मग कमिटीने या दोन सोसायट्यांना चहाला बोलावलं आणि परिशिष्टाची प्रत हातात दिली. आम्ही आमच्या बिल्डरला हे बांधून घेतलंय, तुमची वेळ येईल तेव्हा तुम्हीही हेच करा. दोन्ही कमिट्यांनी तसं पत्र दिलं. कायद्याने या पत्राची किंमत फार नाही. पुढच्या कमिटीला ते बांधील नाही, आणि बिल्डर तर त्या पत्रात कुठेच नाही. तरी मला ते महत्त्वाचं वाटलं, कारण आवाज प्लॉटच्या हद्दीत थांबत नाही आणि आपले सगळे नियम मात्र प्लॉटपुरतेच आहेत. तिन्ही इमारती एकाच वेळी पाडल्या असत्या तर गल्लीने एकदाच सोसलं असतं. तो विषय निघाला होता. तीन सोसायट्या एकत्र यायला जो वेळ लागला असता तेवढा वेळ तिसऱ्या मजल्याच्या गुडघ्यांकडे नव्हता.

आजवर काय टिकलं

इमारत पाडून झाली, पायाचं काम झालं, आता वरचे स्लॅब पडतायत.

दुपारचं कलम पायलिंगभर जवळजवळ पाळलं गेलं. सुपरवायझरला ते सोयीचंच होतं, कामगारांची जेवणाची सुटी त्यात बसली. पत्रे नियमाप्रमाणे पंचवीस फुटी लागले, हिरवं कापड चढलं. ते २०२३च्या पालिकेच्या धूळ-नियमांमुळे. त्यात आमचं काही कर्तृत्व नाही. रविवार दोनदा मोडला. एकदा दंड वळता झाला, दुसऱ्यांदा कमिटीने सोडून दिला. रात्रीच्या स्लॅबची नोटीस प्रत्येक वेळी गेली, पण गाड्या बाहेर थांबवण्याचं कलम पहिल्याच स्लॅबला निकालात निघालं, कारण आंबेडकर रोडवर उभ्या राहिल्या तर वाहतूक पोलीस हाकलतात. गल्लीतला पर्जन्यवृक्ष आहे. आंबा हलवला, पण नव्या जागी त्याने धरलं नाही.

मोठं नुकसान कार लिफ्टचं झालं. बत्तीस मीटरहून उंच इमारतीला अग्निशमन दलाच्या बंबासाठी एका बाजूला रस्त्याला जोडलेली सहा मीटर मोकळी जागा लागते. ती काढताना लिफ्ट पुढून उचलून पूर्वेच्या बाजूला गेली, आणि तिचं दार आता शेजारच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या बेडरूमसमोर उघडेल. आग लागली तर बंब पोचला पाहिजे, याला कोण नाही म्हणणार? पण टेंडर काढायच्या आधी अग्निशमन नियमांचा कच्चा नकाशा करून घेतला असता तर लिफ्टची जागा आधीच दिसली असती आणि तिच्यासाठी दुसरं काही मागता आलं असतं. सध्या आवाज न करणारी मोटर आणि दाराला रबराची पट्टी, एवढंच बिल्डरने लिहून दिलंय.

शेजारच्या दोनपैकी एका सोसायटीचं टेंडर मागच्या महिन्यात निघालं. परिशिष्ट जोडलेलं आहे. दुपारचं कलम त्यांनी काढून टाकलं, त्यांच्याकडे बहुतेक घरं नोकरी करणाऱ्यांची आहेत आणि दुपारी कुणी नसतं. रविवार ठेवला, छोटी अनामत ठेवली. गाड्यांच्या संख्येवर मात्र त्यांनी आमच्यापेक्षा कडक मर्यादा घातली आहे, आणि कार लिफ्ट कुठे हे नकाशावर लाल चौकटीने दाखवून, अग्निशमनाच्या सल्लागाराची सही घेऊनच टेंडर विक्रीला ठेवलंय. बोली अजून उघडायच्या आहेत.